पाटाकडेच्या दोन ओळी

डिंगोरे गावच्या दादाभाऊला शेतीतलं काही कळत नाही असं कोणी म्हणू नये. त्याला सगळं कळतं, आणि कळून सवरून तो जे करतो त्यालाच नालायकपणा म्हणायचं. गावात त्याचं बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. खतं खरी, औषधंही खरी. पण पाठीमागच्या फळ्यांवर टॉनिकच्या बाटल्यांची नुसती जत्रा. फुटवा वाढवणारं टॉनिक, फुलगळ थांबवणारं टॉनिक, फळाला चकाकी आणणारं टॉनिक. बाटलीवर भोपळ्याएवढा टोमॅटो छापलेला. तो बघून चांगली चार बुकं शिकलेली माणसंसुद्धा खिशात हात घालायची.

उज्ज्वला ही त्याची बायको. अवसरी बुद्रुक तिचं माहेर. बोलायला तिखट, कामाला वाघीण, आणि नवऱ्याच्या धंद्याबद्दल तिला कसलाही भ्रम नव्हता. असणार कसा? दादाभाऊची पद्धत तिने लग्न झाल्यापासून बघितली होती. दुकानात नवं टॉनिक आलं की तो ते आधी स्वतःच्या टोमॅटोला द्यायचा. सगळ्या प्लॉटला शेणखत, वेळेवर पाणी, करपा रोगाचं खरं औषध, आणि वर हे टॉनिक. पण पाटाच्या कडेच्या दोन ओळींना पाणी आणि नुसतं टॉनिक. खत नाही, औषध नाही, काही नाही. नुसत्या टॉनिकने काय होतं ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असायचं. व्हायचं काय, कप्पाळ. दोन्ही ओळी पिवळ्या पडून आक्रसून जायच्या. मग तो गिऱ्हाइकांना रस्त्याच्या बाजूने प्लॉटवर आणायचा, कमरेएवढी हिरवीगार झाडं दाखवायचा आणि म्हणायचा, "हा बघा राव टॉनिकचा रिझल्ट." पाटाकडे कोणी जायचं नाही. तिथे मक्याचा आडोसा असायचा.

त्या पिवळ्या ओळी उपटून बांधावर फेकायचं काम उज्ज्वलाचं. फेकता फेकता तिला हसू यायचं. "लोकं बी लई येडी," ती म्हणायची. "पाटापर्यंत चालत जायाचा कंटाळा, म्हणून पैशे वततात." तिच्या मते दुनियेत दोन प्रकारची माणसं होती, टॉनिक विकणारी आणि टॉनिक घेणारी. आपण पहिल्या घरात पडलो याचा तिला थोडा माजही होता. टॉनिक बाहेरच्यांसाठी असतं, घरच्यांसाठी नाही, असं ती गृहीत धरून चालली होती. तिथेच बाई फसली.

डोळ्यांचं दुखणं आधी दादाभाऊला लागलं. फवारणीचे तुषार, मोटरसायकलवरचं वारं, त्यात चष्मा घालायचा आळस. डोळे लाल, चरचर, सकाळी उठलं की पापणी चिकटलेली. उज्ज्वलाचंही तेव्हाच सुरू झालं. तिची पाळी बंद होऊन वर्ष उलटलं होतं, तोंडही कोरडं पडायचं, आणि डोळ्यांत कोणीतरी वाळूची चिमूट टाकून ठेवल्यासारखं दिवसभर वाटायचं. बरं, तिचं कामही डोळ्यांचंच. द्राक्षाच्या बागेत विरळणी करायची, म्हणजे मांडवाखाली उभं राहून, मान वर करून, छोट्या कात्रीने घडातले जादा मणी कापायचे. वरून औषधाची पूड डोळ्यात पडते. घरच्या बागेत ती बायकांची टोळी घेऊन विरळणी करायची, आणि तिच्या हाताखालून गेलेला घड व्यापारी न बघता उचलायचा. उज्ज्वलाला दागिन्यांचा सोस नव्हता, देवाधर्माचं वेड नव्हतं. तिला गर्व होता तो या एका गोष्टीचा. डोळे गेले तर ती मांडवाखाली काय करणार, नुसती उभी राहणार?

अशात आदेश उगवला. आदेश म्हणजे दादाभाऊचा भाचा. शिकला, शहरात गेला, तिथे काहीच जमलं नाही तेव्हा आरोग्य विकायला लागला. गळ्यात टाय, पायात टोकदार बूट, बोलायला टीव्हीवरचं हिंदी. त्याने मामापुढे पिवळ्याधम्मक गोळ्यांचं खोकं उघडलं. माशाच्या तेलाच्या गोळ्या. सोबत कसल्याशा बिया दळून केलेल्या हिरव्या गोळ्या. कोरड्या डोळ्यांवर रामबाण.

"मामी, डोळ्याला आतून पोषण पायजे," तो म्हणाला. "ड्रॉप काय, वरवरची मलमपट्टी. ये अंदर से काम करता है."

"माशाचंच तेल ना?" उज्ज्वला म्हणाली. "मग डिंभ्याच्या धरणावरनं मासा आण की. निदान पोटभर कालवण तरी हुईल."

पण नवऱ्याने गोळी तोंडात टाकून पाणी प्यायलं, आणि "मी बी खातोय, तू बी खा" म्हटलं. मग ती काय बोलणार? तिने खाल्ली. घरातलाच माणूस खातोय म्हटल्यावर तिची सगळी अक्कल चुलीत गेली.

दादाभाऊने एजन्सी घेतली. खतांच्या पोत्यांशेजारी गोळ्यांची खोकी लागली. आणि काय चमत्कार, दिवाळी होऊन थोडे दिवस झाले न झाले तोच दादाभाऊचे डोळे निवळले. लाली गेली, चरचर थांबली. तो गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकासमोर गोळी गिळायचा आणि डोळे मोठे करून दाखवायचा. "बघा पावणं. ससा झालो व्हतो, ससा. आता बघा." लोकं बघायची. लोकांना बघायला काय लागतं? सांधे दुखणारे, केस गळणारे, दिवसभर मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलेल्या पोरांचे आईबाप, सगळ्यांनी खोकी नेली.

उज्ज्वलाचे डोळे मात्र तसेच. तसेच कसले, दुखणं वाढलंच. वारं लागलं की पाणी गळायचं, आणि पाणी गळूनही आतून कोरडेच. ती आदेशला म्हणाली तर तो पाजी म्हणतो कसा, "मामी, तुमी च्या पिता ना? च्या बंद करा." तिने चहा सोडला. फरक नाही. मग म्हणाला, शरीरातली घाण बाहेर पडताना त्रास आधी वाढतोच. त्यानंतर म्हणाला, मन लावून गोळी घेत नसाल. म्हणजे गोळीचा दोष कधीच नाही, दोष खाणारीचा.

आणि उज्ज्वला, जी उभ्या गावाला येडं म्हणायची, तिने ते खरं मानलं. ह्यांना गुण आला, मग मलाच का येत नाही? आपल्यातच काही खोट असणार. डॉक्टरकडे जाऊ का असं तिने एकदा नवऱ्याला विचारलं होतं. तो नजर न देता म्हणाला, "जरा दम धर. लोकं तुझ्याकडं बी बघत्यात. तू थेंब घालाय लागलीस तर काय म्हणतील?" तिला ते पटलंसुद्धा. दुकानाची इज्जत. वाहवा गं बाई!

थंडीत विरळणी सुरू झाली. एक दिवस मांडवाखाली तिने मान वर केली आणि डाव्या डोळ्यात सुरी फिरल्यासारखी कळ आली. डोळा उघडेना. कात्री घसरली आणि ज्या घडावर ती काम करत होती तो निम्मा कापला गेला. टोळीतली भागू धावत आली. भागू तिच्याबरोबर बरीच वर्षं कामाला, गरीब पण धडाडीची. तिने विचारलं नाही की थांबली नाही. उज्ज्वलाला स्कूटीवर मागे बसवलं, तोंडावर पदर घ्यायला लावला आणि थेट नारायणगावला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात पिवळं औषध टाकून निळ्या उजेडात बघितलं. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. "बुबुळावर जखम झालीये. किती दिवस हे अंगावर काढलंत?"

"अंगावर न्हाई काढलं," उज्ज्वला म्हणाली. "गोळ्या खाती की. माशाच्या तेलाच्या."

बाईंनी सुस्कारा टाकला. "ताई, या गोळ्यांच्या मोठमोठ्या परीक्षा झाल्यात. निम्म्या लोकांना माशाचं तेल दिलं, निम्म्यांना तसंच दिसणारं साधं खायचं तेल. सगळ्यांत मोठी परीक्षा झाली, तिच्यात दोघांचे डोळे सारखेच राहिले. काही लहान चाचण्यांत थोडा गुण दिसला, नाही असं नाही, पण तेवढ्यावर विसंबायचं नसतं. खाण्यातच काही कमी असेल तर गोष्ट वेगळी, ते आपण तपासू. तुमचं तोंडही कोरडं पडतंय, त्याचीही रक्ततपासणी करू. पण डोळ्याला ओल हवी ती थेंबांनी. गरम फडक्याने पापण्या शेकायच्या, वाऱ्यात चष्मा घालायचा. एवढं आधी केलं असतंत तर ही जखम बहुतेक टळली असती."

"ह्यांना तर गोळ्यांनीच गुण आला," उज्ज्वला म्हणाली. अजूनही. काय म्हणायचं या बाईला!

बाईंनी कागदावरचं गाव आणि आडनाव पुन्हा वाचलं. "डिंगोरे. खतांच्या दुकानाचे दादाभाऊ तुमचे कोण?"

"मालक."

"मग त्यांनी तुम्हाला आधीच का नाही आणलं? ते दिवाळीच्या आधीपासून येतात माझ्याकडे. थेंब नियमित घालतात, शेक घेतात, छान सुधारले त्यांचे डोळे. घरी बोलले नाहीत?"

भागू खाली बघायला लागली. नवऱ्याची गल्ल्यावरची ऐट उज्ज्वलाच्या डोळ्यांपुढे आली, ते डोळे मोठे करून दाखवणं. गोळी गिऱ्हाइकांसमोर आणि थेंब चोरून. दुकानात जैविक औषधांच्या बाटल्यांसाठी फ्रीज होता. त्याची किल्ली हल्ली तो करदोट्याला बांधून का फिरायचा, ते आता तिला कळलं. आणि मग दुसरं कळलं. त्याला खत, पाणी, औषध आणि वर टॉनिक. हिला नुसतं टॉनिक.

"डाग राहील का?" तिने विचारलं.

"जखम भरेल. पण मधोमध आहे, डाग थोडा राहणार. बारीक काम करताना या डोळ्याने धुरकट दिसेल."

म्हणजे घडातले मणी. उज्ज्वलाने मान हलवली.

डोळ्यावर पट्टी बांधून ती दुकानात आली तेव्हा तिथे माणसं जमली होती. आदेशचं भाषण चाललं होतं. चांगदेव नावाचा म्हातारा शेतकरी, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, सुनेसाठी खोकं हातात घेऊन उभा होता. दादाभाऊ गल्ल्यावर. पट्टी बघून तो उठला. "आगं, काय झालं? पडलीस व्हय?"

"फ्रीजची किल्ली द्या," ती म्हणाली.

"कशाला?"

"द्या म्हणते ना."

माणसं बघत होती, त्याला नाही म्हणता येईना. त्याने करदोट्याची किल्ली सोडली. तिने फ्रीज उघडला, बाटल्यांच्या मागे हात घातला आणि थेंबांची छोटी बाटली काढून गोळ्यांच्या खोक्यावर ठेवली. आवाज चढवला नाही.

"चांगदेवभाऊ, ह्यांचं डोळं ह्या थेंबानं बरं झालं. नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेत. गोळ्या दोघं बी खात व्हतो. थेंब ह्यांना एकट्याला व्हते."

आदेशने तोंड उघडलं. "मामी, तसं न्हाई, मामांची बॉडी..."

"तू गप," ती म्हणाली, आणि तो गप बसला. टायसकट.

चांगदेवने खोकं हळूच परत ठेवलं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली, पण गेलं कोणी नाही. अशी मजा सोडून कोण जातंय?

"तुमी समदे रस्त्याच्या कडनं प्लॉट बघता," उज्ज्वला त्यांना म्हणाली. "पाटाकडं दोन ओळी असत्यात. त्यांना नुसतं टॉनिक. त्या पिवळ्या पडत्यात, आन् तुमी यायच्या आधी ह्यांनी त्या झाकल्याल्या असत्यात. तुमाला बाटल्या इकून झाल्या की मी त्या उपटायची. लई हसायची मी तुमाला." तिने पट्टीवर बोट ठेवलं. "औंदा त्या ओळीत मलाच लावली व्हती."

खोटं बोलायला लागणारी सगळी हत्यारं दादाभाऊकडे होती, आयुष्यभर परजलेली. पण बायकोच्या पट्टीकडे बघताना त्यातलं एकही हाताला लागेना. "आगं, सांगणारच व्हतो तुला," तो म्हणाला. "म्हटलं नुसत्या गोळीनं काय फरक पडतो का, जरा बघावं. घरातलं माणूस म्हंजी खात्रीचं. तेवढंच बघत व्हतो."

"मग?" उज्ज्वलाने विचारलं. "काय पडला फरक?"

दुकानात सगळे त्याच्याकडे बघत होते. दादाभाऊने मान खाली घातली.

"काय न्हाई," तो म्हणाला.

त्या दुकानात टॉनिकबद्दल तो आजवर एवढंच खरं बोलला. तेवढ्यासाठी बायकोचा डावा डोळा खर्ची पडला होता.