मंजूर संख्या पंचवीस

सरूमावशीच्या पाळणाघरातून संध्याकाळी मूल घरी न्यायचं तर आईला आधी बसावं लागे. ती दिवसभर डोक्यावर विटा वाहून आलेली असो की चार घरची धुणीभांडी उरकून, दारात आली की मावशी तिच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायची आणि ओट्याकडे बोट दाखवायची. आईला बघून मूल आतून हात पसरून रडत असलं तरी मावशी ढिम्म हलायची नाही. "आधी टेक. दम खा. तापल्या तव्यावर लेकरू ठिवत नसते मी." बायका कुरकुरायच्या, चूल पेटवायची आहे म्हणायच्या. पण पाच मिनिटांत त्यांचे चेहरे जरा सैल पडायचे आणि मगच मूल मांडीवर यायचं. त्या दारात मूल घेताघेता त्याच्या पाठीत धपाटा घालणारी आई मी कधी पाहिली नाही.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि गारखेड्यात बंगल्यांपेक्षा बंगल्यांचे पायेच जास्त दिसत. ते पाये खणायला सोयगाव-वैजापूरकडची कुटुंबं येऊन राहिली होती. मावशीही वैजापूरकडचीच, मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातली. नवरा गेल्यावर एकटीच शहरात आली. पोटी मूलबाळ नव्हतं. एका महिला मंडळाने मजूर बायकांच्या मुलांसाठी सरकारी अनुदानावर पाळणाघर काढलं, तिथे तिला नेमलं. पत्र्याच्या दोन खोल्या, हाताशी एक मदतनीस आणि मंजूर मुलं पंचवीस. मानधन कधी चार महिन्यांनी, कधी सहा. त्याबद्दल छेडलं की म्हणायची, "सरकार मेंढरावानी हाय, मॅडम. किती बी हाका, आपल्याच चालीनं चालतंय."

मी त्या सरकारची पर्यवेक्षिका होते. वय सव्वीस, नोकरी नवी, आणि अंगात प्रामाणिकपणाची जरा जास्तच मस्ती. तपासणीच्या दिवशी काही पाळणाघरांत शेजारपाजारची मुलं गोळा करून बसवलेली असत, हे मला पहिल्या दोन महिन्यांतच कळलं होतं. अशी उसनी मुलं मी बरोबर ओळखायची. मदतनीस बाईचं नाव विचारायचं. मूल गप्प राहिलं की समजायचं. या युक्तीचं मला फार कौतुक होतं.

मावशीकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मुलं मोजली. बरोबर पंचवीस. सगळ्यांना सगळ्यांची नावं येत होती. मी खूश होऊन निघणार तोच मागच्या बाजूने एका तान्ह्याचं रडणं ऐकू आलं. तिकडे शेजाऱ्यांचा शेळ्यांचा गोठा होता. मावशीने खाली बघितलं. "शेजारचं आहे" म्हणाली असती तर मी तशीच निघून गेले असते. पण ती म्हणाली, "ते बी आपलंच हाय, मॅडम. लेकरू रडाया लागल्यावर आमचं नाय कसं म्हणू?"

गोठ्यात मदतनीस बाई तेरा मुलांना घेऊन बसली होती. शेळ्या एका कोपऱ्यात, मुलं दुसऱ्या. लोक तपासणीसाठी मुलं आणून बसवत होते आणि ही बाई असलेली लपवत होती.

"नियम पंचवीसचा आहे, मावशी."

"व्हय. पंचवीस सरकारची. ही तेरा मपली."

"आणि खिचडी?"

"पातळ करते. पाणी सरकार मोजत नाय."

मला हसू आलं आणि रडूही. मी तिथेच ओट्यावर बसून अहवाल लिहायला घेतला. मंजूर संख्या पंचवीस, प्रत्यक्षात मुलं अडतीस, आहार सर्वांत विभागला जातो, तरी मंजूर संख्या तातडीने वाढवावी. मी लिहितेय म्हटल्यावर मावशी जवळ येऊन बसली. "काय लिहिलं?" मी वाचून दाखवलं. तिचा चेहरा उतरला.

"नका लिहू, मॅडम. कुणाला ठावं नाय म्हनून चाललंय."

"मावशी, सरकारला कळलंच नाही तर संख्या वाढणार कशी?"

मी सही केली. गाडी पकडायची होती म्हणून चहाही घेतला नाही.

माझ्या अहवालातलं शेवटचं वाक्य कुणी वाचलं की नाही, मला आजही माहीत नाही. आधीची दोन मात्र नीट वाचली गेली. मंजूर लाभार्थ्यांच्या आहारात कपात आणि अटींचा भंग, अशी दोन कारणं देऊन खुलासा होईपर्यंत पाळणाघराचं अनुदान थांबवण्यात आलं. मंडळाने हात वर केले. मदतनीस बाईलाही पोट होतं. ती महिनाभर थांबली आणि मग धुण्याभांड्यांच्या कामाला लागली.

मावशीने पाळणाघर बंद केलं नाही. आया सकाळी मुलाबरोबर मूठभर तांदूळ नाहीतर पीठ आणू लागल्या. पण अडतीस मुलं आणि एक बाई, हे जमणारं नव्हतं. चालती-बोलती मुलं एकमेकांना धरून राहत. तान्ह्यांना मात्र हातच लागतात. शेवटी तिने आठ तान्ही परत पाठवली. तो दिवस मी पाहिला नाही. नंतर तिनेच सांगितलं, "एकेकीला सांगताना जीभ उचलंना. शेवटी मान हालवून नाय म्हनलं."

त्या आठांत चंद्रकला नावाच्या बाईचा मुलगा होता. चंद्रकला बांधकामावर माल कालवायची. बाळाला तिथे सांभाळायला तिने आपल्या थोरल्या मुलीला, मनीषाला, शाळेतून काढलं. मनीषा तिसरीत होती. मी तिला एकदा बघितलं. अर्ध्या बांधलेल्या जिन्याखाली वाळूच्या ढिगाजवळ ती बसली होती. मांडीवरचा भाऊ तिच्या अंगाच्या मानाने मोठाच दिसत होता. मला बघून ती चटकन उभी राहिली, वर्गात बाई आल्यावर राहतात तशी. मला तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

त्यानंतर मी त्या फाइलच्या मागे लागले. या टेबलावरून त्या टेबलावर, साहेब दौऱ्यावर, बाबू रजेवर. नऊ महिन्यांनी अनुदान पुन्हा सुरू झालं. मंजूर संख्या पंचवीसच. मावशीने त्याच आठवड्यात आठही तान्ही परत बोलावून घेतली, आणि या वेळी मी ती मोजली नाहीत. मग ती चंद्रकलाला आणि मनीषाला घेऊन शाळेत गेली. एकदा नाही, तीनदा. शाळेने पुन्हा तिसरीत बसायला सांगितलं. मनीषा चार दिवस गेली. लहान मुलांत बसायची तिला लाज वाटू लागली, आणि तोवर आईलाही तिच्या हाताची सवय झाली होती. पाचव्या दिवसापासून ती आईबरोबर कामावर दिसू लागली.

एका दुपारी मुलं निजलेली असताना मी मावशीला म्हणाले, "माझं चुकलं. तुम्ही नको म्हणत होतात."

ती तांदूळ निवडत होती. तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "खरं लिहिलं, त्यात काय चुकलं नाय. पन लिहून तुम्ही घरी गेलात. लेकरू उंबऱ्याभायेर सोडलं की त्याच्या मागं जावं लागतं, मॅडम. लिहिलेल्याच्या बी मागं जावं लागतं."

रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिचा आवाज मात्र मुलांना झोपवतानाचाच होता. पुढे जितकी वर्षं नोकरी केली, तितकी वर्षं एकही अहवाल मी डाकेने पाठवला नाही. स्वतः घेऊन जायची, पुढ्यात बसून वाचायला लावायची. कचेरीत माझी चेष्टा होई. "बाई आल्या, खुर्ची अडली" म्हणत.

शेजारीच दुसऱ्या पाळणाघराला मंजुरी मिळाली, त्याला अकरा वर्षं लागली. आदेश घेऊन गेले तेव्हा मावशी अंथरुणाला खिळली होती. श्वास पुरत नव्हता. मी सगळा आदेश वाचून दाखवला. आणखी पंचवीस मुलं, आणखी एक मदतनीस. तिने डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "मनीषाला लेकरू झालंय म्हनं?"

"हो. मुलगी. वर्षाची होईल आता."

"तिला पयली घ्या."

चार दिवसांनी मावशी गेली. गारखेड्यातल्या कामांवरच्या बायका त्या दिवशी खाडा करून आल्या होत्या. इतक्या बायका आणि इतकी मुलं, की कुणाचं कोण हे सांगायला आता कुणी नव्हतं.

दुसरं पाळणाघर महिन्याभराने उघडलं. पहिल्या सकाळी मनीषा मुलीला घेऊन आली. हाताला सिमेंटचे चरे, कपाळावर घाम, कामावर जायची घाई. मी प्रवेशाचा कागद भरला, मुलीचं नाव लिहिलं आणि सहीसाठी पेन तिच्यापुढे धरलं. तिने पेनाकडे पाहिलं, पदराला हात पुसला आणि अंगठा पुढे केला.