दहा वर्षांचा व्हिसा आणि फिटची बिर्याणी

आधीच सांगते, ही पोस्ट उंच टॉवर, वाळूतली सफारी आणि सोन्याचा बाजार बघायला निघालेल्यांसाठी नाही. ज्यांच्या मुलाला किंवा मुलीला दुबईत गोल्डन व्हिसा मिळालाय आणि आता ‘तुम्हीही या, राहायलाच या’ असा फोन आलाय, त्या गुडघेदुखीवाल्या आईबापांसाठी आहे. मी स्वतः अजून दमलेलीच आहे, त्यामुळे लिहिण्यात उत्साह कमी दिसला तर समजून घ्या.

आम्हाला हा फोन आमच्या एकुलत्या समीरचा आला. तो दुबईत इंजिनिअर आहे. तिकडच्या मोठ्या इमारतींमध्ये थंड पाणी फिरवून एसी चालवतात. त्या पाइपांना भिंतीच्या आत कुठं गळती लागली ते बाहेरूनच ओळखणारं एक यंत्र त्यानं बनवलं. त्याचं पेटंट झालं, आणि नवं काही शोधणाऱ्या हुशार लोकांना आणि गुंतवणूकदारांना जो दहा वर्षांचा व्हिसा देतात, तो त्याला मिळाला. नोकरी सुटली तरी देश सुटत नाही, असा व्हिसा. त्यावर आईवडिलांनाही तेवढ्याच वर्षांचा मिळतो. “अम्मी, ऑलमोस्ट परमनंटच समज,” तो म्हणाला. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं, पण दहा वर्षांना कायम म्हणतात हे मला नवीन होतं. मग वाटलं, माझ्या वयाला दहा वर्षं म्हणजे कायमच की.

आता थोडं घरचं. हे, म्हणजे समीरचे अब्बा, त्याच दुबईत तीस-बत्तीस वर्षं एसीचे डक्ट बसवायच्या कामावर होते. बायकोपोरांना बोलावता येईल एवढा पगार कधी झालाच नाही. वर्षा-दोन वर्षांनी सुट्टीवर यायचे आणि परत जायचे. श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या गावात मी शाळा आणि समीर दोन्ही सांभाळत होते. हे कायमचे परत आले, त्याच सुमारास समीर तिकडं गेला. म्हणजे आम्ही तिघं एका छताखाली सलग कधी राहिलोच नाही. या सगळ्या गोल्डन भानगडीतून मला तेवढंच एक हवं होतं.

निघालो त्या सकाळी एक गंमत झाली. आजवर यांची गाडी निघाली की मी गेटवर उभी असायचे, मशिदीच्या वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत. मुंबईच्या विमानतळावर मी कधी गेले नाही, तेवढा दम नव्हता. या खेपेला मी गाडीत होते. वळणावर सवयीनं मागं पाहिलं तर गेटवर कुणीच नव्हतं. यांना म्हटलं, “बघा, गेट रिकामं.” हे पुढं बघत “हूं” म्हणाले.

प्रवासाची माहिती हवी असेल तर ही घ्या. माणगावपासून पुढचा हायवे अजून व्हायचाच आहे, त्यामुळे विमान दुपारचं असेल तर पहाटेच निघा. भाड्याची गाडी घ्या, एसटीचा मोह नको. घरचा मसाला नेणार असाल तर खसखस वगळून कुटा, कारण तिकडं खसखस अंमली पदार्थात धरतात. गोळ्या न्यायच्या तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. विमानाला तीन तास लागतात, आणि त्यातला एक तास जेवणाचा ट्रे कुठं ठेवायचा यातच जातो.

समीर अल मनखूलला राहतो. जुनी वस्ती आहे, खाली किराणा, समोर इस्त्रीवाला, लिफ्टमध्ये सगळे आपलेच. सून निलोफरनं आमच्यासाठी खोली आधीच मांडून ठेवली होती, अगदी पडद्यांसकट. नात झोया आठ वर्षांची. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि आमचं छान चालायचं. पहिल्या संध्याकाळी सगळे एकाच टेबलावर जेवायला बसलो, तेव्हा मी ताट तसंच ठेवून एकेकाकडं बघत बसले. निलोफरला वाटलं भाजी तिखट झाली. हे मात्र फ्रिजमधलं पाणी नको म्हणाले, कोमट पाणी मागून घेतलं. महिनाभर त्यांचं हेच चाललं होतं. थंड नको, तळलेलं नको, रोज मध आणि काळं जिरं. सुट्टीवर आले की परत जायच्या आधीही असंच करायचे. मला वाटायचं, परदेशात राहून माणूस चोखंदळ झालाय.

दुसऱ्या दिवशी फिरलो. फिरलो म्हणजे हे पुढं आणि मी मागं. खाडीवर अब्रा नावाची लाकडी होडी आहे, पलीकडं जायला एक दिरहम. म्हणजे चोवीस-पंचवीस रुपये, असं मी मोठ्यानं म्हटलं, आणि शेजारी बसलेला एक मराठी पोरगा हसून म्हणाला, “काकू, पहिले दोन दिवस सगळेच गुणाकार करतात. मग खलास, सोडून देतात.” मी काही सोडलं नाही. कडक चहा दोन दिरहम, करामा भागातली शाकाहारी थाळी वीस-बावीस. पोट भरतं, पण पाचशे रुपयांची थाळी घशाखाली उतरायला वेळ लागतो. नोलचं कार्ड काढून घ्या, मेट्रो आणि बस दोन्हीला चालतं. मेट्रो थंडगार आणि स्वच्छ आहे, फक्त स्टेशनात शिरल्यापासून गाडीपर्यंत चालून चालून माणूस अर्धा होतो.

तिसरा दिवस मेडिकलचा. व्हिसा पक्का व्हायला रक्त द्यावं लागतं आणि छातीचा एक्स-रे काढावा लागतो. मग बोटांचे ठसे दिले की ओळखपत्र मिळतं. उपाशी जायची गरज नाही. समीरनं झटपटवाली रांग घेतली होती. त्याचे किती लागले ते विचारलं तर म्हणाला, “अम्मी, प्लीज, आज गुणाकार नको.” आत सोफे, खजूर, गावा म्हणजे अरबी कॉफी. दवाखाना कमी आणि लग्नाचा हॉल जास्त. बायकांचं दार वेगळं, पुरुषांचं वेगळं. मी निलोफरबरोबर आत गेले. गळ्यातली साखळी काढली, एका फिलिपिनो मुलीनं ‘मामा, मामा’ करत रक्त घेतलं, मशीनला छाती टेकवली, झालं. तिथंच बोटांचे ठसेही घेतले. कोपरावरचा कापसाचा बोळा दाबत मी ऐटीत बाहेर आले. परीक्षेत पहिली आल्यासारखं वाटत होतं.

हे बाहेरच्या सोफ्यावर बसले होते. दंडाला कापूस नव्हता. शेजारी समीर उकिडवा बसला होता आणि समोर गणवेशातली मुलगी हसत म्हणत होती, “अंकल, यल्ला, फाइव्ह मिनिट्स ओन्ली.”

“नहीं बेटा,” हे तिला म्हणाले. “मेरा हो गया. खलास.”

“अब्बा, अहो काहीच नसतं,” समीर म्हणाला. “तुम्ही एकदम फिट आहात. वर्स्ट केसमध्ये रिपीट करतात, बस.”

“मी आत जाणार नाही, समीर.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. हात मात्र मांडीवर घट्ट धरले होते, आणि समोरचा खजूर तसाच होता. मी म्हटलं, “अहो, चला, सगळे बघतायत.” हे उठले आणि सरळ दाराबाहेर उन्हात जाऊन उभे राहिले. मला त्या क्षणी यांचा इतका राग आला की कापूस कुठं पडला तेही कळलं नाही.

घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं. समीर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. “अब्बा, मी हे सगळं कुणासाठी केलं?” एवढंच म्हणाला.

“तू केलंस ते तुझ्या डोक्यानं केलंस, आणि मोठं केलंस,” हे म्हणाले. “मला त्याचा अभिमान आहे. पण त्यात माझ्या छातीचा फोटो कशाला हवा?”

“रूल आहे, अब्बा.”

“रूल मला माहीत आहे. तू नव्हतास तेव्हापासून माहीत आहे.”

तेवढ्यात माझ्या नावाचा मेसेज समीरच्या फोनवर आला. फिट. निलोफरनं केक मागवला होता, तो कापावा की नाही हे कुणालाच कळेना. झोयानं कापला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे म्हणाले, “रझिया, तयार हो. तुला बिर्याणी खिलवायची आहे.” मी अजून बोलत नव्हते, पण निघाले. मेट्रो, मग बस, आणि बस जिथं थांबली ते मुहैस्नाह. यांच्या तोंडी कायम सोनापूर. मजुरांची वस्ती, इतकी वर्षं मी पत्राच्या मागं वाचलेली जागा. रांगेनं एकसारख्या इमारती, गॅलऱ्यांत वाळत घातलेले निळे आणि केशरी गणवेश, आणि रस्त्यावर फक्त पुरुष. एका कॅन्टीनमध्ये शिरलो तर गप्पा थांबल्या. केरळी मालकानं कोपऱ्यात टेबल ओढून दिलं आणि माझ्या बाजूला पाण्याचे मोठे कॅन रचून आडोसा केला. बारा दिरहमची बिर्याणी, दोघांना पुरून उरेल एवढी.

“इथं एक दस्तूर होता,” हे म्हणाले. “दर दोन वर्षांनी मेडिकल. निकाल येईपर्यंत खोलीत कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. ज्याचा फिट आला त्यानं सगळ्या खोलीला बिर्याणी खिलवायची. तू फिट झालीस, तुझ्या वतीनं मी खिलवतोय.”

हे भात चिवडत राहिले.

“एका वर्षी माझं आणि म्हसळ्याच्या हसनचं मेडिकल एकाच दिवशी होतं. मी फिट. त्याच्या छातीच्या फोटोत टीबीचा डाग निघाला. त्याला तिथूनच नेलं आणि गावी परत पाठवलं, तो खोलीवर आलाच नाही. त्याची ट्रंक आम्ही भरली. मी तोवर बिर्याणी घेऊन आलो होतो, त्याला धरून सगळ्यांची.”

“मग?”

“मग काय, खाल्ली. दस्तूर होता.” त्यांनी पाण्याचा घोट घेतला, इथंही कोमटच मागितलं होतं. “त्यानंतर दर वेळी त्या मशीनला छाती लावली की वाटायचं, आज माझी ट्रंक कोण भरणार. सुट्टीवर यायचो तेव्हाही छाती साफ राहावी म्हणून थंड-तळलेलं टाळायचो, खोकला आला की तुझ्यापासून लपवायचो. आता नाही होत. घाबरतो म्हण हवं तर.”

“हे तुम्ही मला आत्ता सांगताय!”

“महिन्याभरासाठी घरी आलेला माणूस रडगाणं गाईल का?”

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. म्हटलं, “तीस वर्षं माझ्या घरी पाहुणे होतात. आता मुलाच्या घरीही पाहुणेच राहणार?”

“पाहुण्याचं मेडिकल करत नाहीत, रझिया,” हे म्हणाले.

बिर्याणी संपवली. ती चांगली होती, मसाला जरा कमी होता.

परतीच्या आधी माझं ओळखपत्र हातात आलं. गुळगुळीत कार्ड, त्यावर माझा घाबरट फोटो. झोयानं ते उलटसुलट पाहिलं आणि जाहीर केलं, “दादी, यू आर अ रेसिडेंट. दादा इज अ टूरिस्ट.” कुणी हसलं नाही, मग हेच आधी हसले. विमानतळावर समीरनं अब्बांना मिठी मारली आणि म्हणाला, “दर थंडीत व्हिजिट व्हिसा काढतो. पण यायचं.” “इन्शाल्ला,” हे म्हणाले. अम्मीनं मात्र झोयाची सुट्टी संपून शाळा सुरू व्हायच्या आत परत यायचं, असं निलोफरनं माझ्याकडून वदवून घेतलं. मीही हो म्हटलं. खोटं का बोलू, मला जायचंच आहे. ती खोली, ते पडदे, शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून गळ्यात पडणारी झोया, हे मला फार उशिरा मिळतंय आणि मी ते सोडणार नाही.

घरी येऊन आता काही आठवडे झाले. लोक विचारतात, गोल्डन व्हिसा कसा वाटला? मी सांगते, चांगला आहे, मुलांच्या हुशारीचं चीज होतं. पण आईवडिलांना तो द्यायच्या आधी बाप तिथं काय करत होता हे त्याला एकदा नीट विचारून घ्या. आम्ही विचारलं नव्हतं. आम्हाला वाटलं, सगळं ठाऊक आहे.

माझं तिकीट आलंय, पुढच्या आठवड्यातलं. एकटीचं. तीन महिन्यांनी येईन. यांनी आत्तापासूनच सांगून ठेवलंय की येताना वेदना थांबवणारा बाम आणि पिवळ्या डब्यातली दूध पावडर आण, जसं मी इतकी वर्षं सांगत आले तसं. विमानतळावर येणार नाही म्हणतात. गेटपर्यंत येतील.

काल संध्याकाळी पायरीवर बसलो होतो. हे म्हणाले, “रझिया, गाडी वळणावरून गेली की तू काय करायचीस?”

“भांडी घासायला काढायचे,” मी म्हटलं. “सगळी. फडताळातली, न वापरलेलीसुद्धा. संध्याकाळ होईपर्यंत.”

त्यांनी मान हलवली. वळणाकडं पाहिलं.

“काथ्या कुठं ठेवतेस?” त्यांनी विचारलं.