वहिनीने तळ्यावरून इंटरनेट नेलं

आमच्या वहिनीला गल्लीत सगळे 'सव्वा इंच' म्हणतात. ती कपडे शिवते, आणि गणवेश असो की पडदा, शिवणीत सव्वा इंच कापड जास्तीचं सोडल्याशिवाय कात्री चालवत नाही. मी तिची नणंद. नणंदेने भावजयीचं कौतुक केलं की लोक आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघतात. बघा हवं तर. ताप नाही, आणि मी हे पूर्ण शुद्धीत सांगतेय.

आमची आई तळ्यापलीकडे राहते, एकटी. वडील गेले, मी लग्न होऊन शहरात आले, दादा-वहिनीही नोकरी-धंद्याला इथेच, तळ्याच्या अलीकडे आले. आई हलली नाही. दादाच्या गच्चीवरून बघितलं तर पाण्यापलीकडच्या उतारावर आईच्या घराची पांढरी टाकी दिसते. पक्ष्याला जायचं तर सहा-सात किलोमीटर. माणसाला जायचं तर अख्ख्या तळ्याला वळसा, दोन बस, आणि दुसरी बस ड्रायव्हरच्या मर्जीवर.

त्यात आईचे डोळे गेले. पूर्ण नाही, मधले गेले. कडेचं दिसतं, समोरचं नाही. "माणूस पुढ्यात आला की त्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही," असं ती सांगते, आणि वर, "काहींच्या बाबतीत बरंच आहे ते," असंही म्हणते. अशी आमची आई. एकदा सकाळी ती न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याला मुका मार लागला, उठता येईना. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने हाका मारल्या, ओ आली नाही, म्हणून तो भिंतीवरून चढून आत गेला, तेव्हा कळलं. घरात फोन होता, पण मोबाइलला तिथे रेंजच नाही. गच्चीत जाऊन टाकीला चिकटून उभं राहिलं तर एखादी दांडी येते. पडलेल्या बाईने काय टाकीवर चढायचं? आणि केबलवाल्यांनी तर तळ्याच्या अलीकडेच हात टेकले होते.

दादा हादरला. माझा भाऊ वाईट नाही हो, घाबरट आहे. घाबरला की तो निर्णय घेतो. "आई इकडे येईल. घर भाड्याने देऊ. विषय संपला." बरी होईपर्यंत आई आठ दिवस त्यांच्याकडे होती, तेव्हाच त्याने घरासाठी गिऱ्हाईकही शोधलं. एक शिक्षक आणि त्याची बायको. आईने ते ऐकून घेतलं. तीच बाई, जी दूधवाल्याला 'भिंत चढताना माझी वेल तुडवलीस' म्हणून फैलावर घेते, ती आठ दिवस एका खुर्चीत बसून राहिली. आतल्या खोलीत जाताना भिंत चाचपडायची. दोनदा कपाट समजून दार उघडलं आणि बाहेर गेली. पाणी हवं असलं तरी विचारायची, "गं, पेला कुठे असतो तुमच्यात?" 'तुमच्यात' म्हणायची. मला ऐकवेना.

नवव्या दिवशी तिने हट्टाने परत सोडायला लावलं. दादाने सोडलं, पण बजावून, "महिनाभर. तोवर आवराआवर करून घे."

त्या रात्री ताटं वाढता वाढता वहिनी म्हणाली, "तिकडे इंटरनेट गेलं, आणि घरात हाक मारल्यासारखं बोलता आलं, तर राहू द्याल का त्यांना?"

दादा हसला. "कोण नेणार? तू?"

"मी नेते."

"शिवून?"

आता इथे एक गोष्ट सांगते. सासूला आपल्या घरापासून लांब ठेवायला ही एवढी धडपड करतेय, असं गल्लीत बोललं गेलं. मीही मनात तेच म्हणत होते. आई आणि वहिनीचं काही फार गूळपीठ नव्हतं. एकदा मी तोंडावरच विचारलं. ती कॉलर उलटवत होती, मान वर न करता म्हणाली, "तेही आहेच गं. एका ओट्यावर आम्ही दोघी चार दिवस टिकणार नाही." मग दोरा तोडत म्हणाली, "माझ्या आईला भावाने नेलं होतं. चांगलं ठेवलं, काही कमी केलं नाही. पण खिडकी उघडायची तर ती विचारायची, उघडू का? स्वतःच्या घरात तिने कोणालाही न विचारता माझं नाव ठेवलं होतं गं, आणि तिथे खिडकी उघडायलाही विचारायची." एवढं बोलून तिने मशीन सुरू केलं.

तर वहिनीने हे नेमकं केलं काय? दोन डिश आणल्या. जेवणाच्या ताटाएवढ्या. एक आपल्या गच्चीवर, एक आईच्या. दोन्ही एकमेकींकडे तोंड करून. दादाच्या घरातलं इंटरनेट या डिशने पाण्यावरून फेकायचं, त्या डिशने झेलायचं, तिथून वायरने खाली उतरवून एका डबीत, म्हणजे राउटरमध्ये सोडायचं, की आईच्या घरभर वायफाय. मग दोन्ही घरांत एकेक टॅब, त्यावर एकमेकांना बघत बोलायचं. डिश विकणाऱ्या दुकानदाराला तिने इतकं पिडलं की शेवटी तो तिला बघितलं की शटरकडे हात न्यायचा. शिलाई मशीन बिघडलं तर ती कधी मेकॅनिक बोलावत नाही, स्वतः उघडून बसते, पण हे मशीन नव्हतं. हे तिला येत नव्हतं. न येणारी गोष्ट चाळिशीनंतर हातात घ्यायची, तीही नवरा हसत असताना, याला छातीच लागते. माझ्यात नाही ती.

डिश लावायच्या दिवशी ती आईकडे गेली आणि मला दादाच्या गच्चीवर उभं केलं. बरोबर तिचा जुना मोबाइल, त्यावर आमच्या डिशला सिग्नल किती येतो त्याचा आकडा दिसायचा. आकडा उणे असतो, आणि शून्याच्या जितका जवळ येईल तितका चांगला. असलं उरफाटं गणित कोणी काढलं देव जाणे. ती आईच्या टाकीला चिकटून फोनवर बोलत होती.

"आधी मला शोध," ती म्हणाली.

"कशी शोधू? टाकी काय एक आहे? सतरा टाक्या दिसताहेत."

"थांब."

आणि पाण्यापलीकडे, त्या सगळ्या पांढऱ्या ठिपक्यांत, एक ठिपका लखकन चमकला. विझला. परत चमकला. बाईने आपल्या शिवणाच्या दुकानातला आरसा नेला होता! गिऱ्हाईक कपडा घालून स्वतःला बघतं तो, बसमध्ये मांडीवर धरून. त्यात ऊन पकडून माझ्या डोळ्यांत मारत होती. मी अक्षरशः ओरडले, "दिसलीस गं, दिसलीस!" खालून शेजारीण विचारते, "कोण दिसलं?"

मग डिश जुळवायची. नियम सोपा. एकीने हलवायची, दुसरीने गप्प उभं राहायचं. मग उलट. आता आमच्या घराण्यात दुसऱ्याचं काम चालू असताना कोणी गप्प उभं राहिल्याचं उदाहरण नाही. ती तिकडे हलवायची, मला धीर निघेना, मी इकडे जराशी ढकलायचे. आकडा चांगला यायचा की पळायचा.

"तू हात लावलास?"

"नाही!"

"खोटं बोलू नकोस. हात पाठीमागे बांध."

मी बांधले. खरंच बांधले, ओढणीने. दहा मिनिटांत दोन्ही डिशवरचे सगळे दिवे हिरवे. मी गच्चीवर एकटीच टाळ्या पिटल्या. आता झालंच म्हणून खाली धावले, टॅब उघडला, आईकडच्या टॅबला फोन लावला, आणि काही नाही. नुसतं गोल फिरत राहिलं. तिकडे तर साधं पानही उघडेना, आणि थोड्या वेळाने आमच्या घरातलंही इंटरनेट बसलं. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

वहिनीने तिकडे संध्याकाळपर्यंत बंद-चालू केलं, वायर काढल्या-घातल्या. डिश एकमेकींना बघताहेत, बोलत मात्र नाहीत. शेवटच्या बसने ती परत आली तेव्हा चेहरा एवढासा झालेला. दादाने मात्र त्या दिवशी टिंगल केली नाही, आणि तेच जास्त लागलं तिला. तो हळूच म्हणाला, "खूप केलंस. आता राहू दे. शिक्षकांना मी रविवारी बोलावलंय, किल्लीचं ठरवायला."

दोन दिवस ती नुसते गणवेश शिवत होती. शनिवारी मी दुकानात गेले तर ती टेबलावर बाह्या कापत होती. एक बाही कापली, दुसरं कापड ठेवलं, कागदी नमुना उचलला, आणि तो पालथा करता करता हात तसाच थांबला.

"मी दोन डाव्या बाह्या कापल्या गं!"

मी कापडाकडे बघितलं. "कुठे? बरोबर तर आहेत."

"अगं याच्या नाही, त्या डब्यांच्या!"

झालं होतं ते असं. आईकडे नेण्याआधी तिने दोन्ही घरांचे राउटर याच टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते, आणि सगळं जुळावं म्हणून एकात जी सेटिंग तीच दुसऱ्यात भरली. अक्षर न् अक्षर सारखं. तोच पत्ता, तीच कामं. एका रस्त्यावर दोन घरांना एकच नंबर दिला तर टपालवाल्याने काय करायचं? शिवाय घरातल्या प्रत्येक फोनला नंबर वाटायचं काम एकाच राउटरने करायचं असतं. इथे दोघं वाटत सुटले होते. तिच्याकडे शिकायला येणाऱ्या नवशिक्या मुली पहिल्यांदा झगा शिवतात तेव्हा नेमकं हेच करतात. नमुना पालथा करायला विसरतात आणि दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतात. त्यांना ही बाई कसली झापते म्हणून सांगू! आता स्वतःच्याच कपाळावर तिने गजाने, म्हणजे मोजायच्या पट्टीने, एक फटका मारून घेतला आणि हसत सुटली. मग दुकानदाराला फोन केला, त्याने पलीकडून 'हो, हो, तसंच' म्हटलं, आणि रविवारी पहिल्या बसने ती परत तळ्याला वळसा घालायला निघाली.

मी दादाच्या बाहेरच्या खोलीत टॅब मांडीवर घेऊन बसले. अकराच्या सुमाराला शिक्षक आणि त्यांची बायको आली. भली माणसं. बाई विचारत होती, ओट्यापाशी उजेड येतो का, न्हाणीघर किती मोठं आहे. 'न्हाणीघर' म्हटल्यावर दादाचा चेहरा उतरला. आई तिथे पडून होती ती रात्र त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. हे मला माहीत होतं, म्हणून तर त्याच्यावर चिडताही येत नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. वहिनी, टाकीपाशी. "पत्ता बदलला. वाटायचं कामही बंद केलं इकडचं. लाव आता. टॅब स्वयंपाकघरात फळीवर ठेवलाय, उचलायला कोणी लागत नाही, आपला आपण उघडेल. मी वर डिशचा क्लॅम्प आवळतेय."

मी लावला. एकदा वाजला. आणि पडद्यावर आमचं तळ्यापलीकडचं स्वयंपाकघर आलं. स्वच्छ. ओट्याची फुटकी कड दिसावी इतकं स्वच्छ. पाणी तापत असल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. मी दादाकडे टॅब वळवला.

आई आत आली. तिला कुठलं माहीत, फळीवर काय उघडलंय ते. दोन हात मोकळे, झरझर चालत आली. भिंतीला हात नाही. खुंटीवरचा कप न बघता काढला. डबा उघडला, चहा चिमटीने मोजला, झाकण लावलं. गॅस मागच्या हाताने बारीक केला, आणि वाकून आवाज ऐकला, बारीक झाला की नाही ते. एक चमचा पडला. मी दचकले. ती थांबली, तो घरंगळून कुठे थांबतो ते ऐकलं, बसली, आणि हात नेमका त्यावर टाकला. धुतला, पुसला, जागेवर. हे सगळं करताना गुणगुणत होती. आठ दिवस आमच्यात असताना मी तिला एकदाही गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

दादा बघत होता. त्याने आईला तिच्या घरात एकटी असताना कधी बघितलंच नव्हतं. तो भेटायला गेला की ती दारात यायची, पाहुणचार करायची, आणि त्याला दिसायची ती म्हातारी, आंधळी, पडलेली आई.

शिक्षक जरा अवघडून, हळूच म्हणाले, "मग किल्लीचं कसं करायचं?"

"माफ करा हं," दादा म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, "घर रिकामं नाही. माझी आई राहते तिथे."

आवाज तळ्यावरून गेला. पलीकडे आईचा हात कपावर थांबला. तिने फळीकडे बघितलं नाही, आवाज तिथून येतोय असं तिला वाटलंच नाही. मुलाचा आवाज इतका जवळून आला म्हणजे तो दारातच असणार. ती दाराकडे वळली, पदराला हात पुसले, आणि म्हणाली, "आलास? मग बाहेर का उभा? ये की आत."

आणि दादा, तळ्याच्या अलीकडे, स्वतःच्या घरात, खुर्चीवरून उठून उभा राहिला.