चमनभाईची काळी पाच

बँडवाल्यांविषयी माझं मत चांगलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी बोट दाखवायला नको. मी दिवसा शाळेत चित्रकला शिकवायचो आणि संध्याकाळी शाहूपुरीत हंबीरराव इंगवल्यांच्या ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवायचो. एवढं मोठं वाद्य गळ्यात अडकवलं की माणसाची मान आपोआप ताठ होते. माझी जरा जास्तच ताठ झाली होती. बँड म्हणजे वरातीपुढे घामाघूम होऊन चार गाणी बडवणारी माणसं, इतकाच माझा अभ्यास.

१९७४ सालच्या श्रावणात हंबीररावांच्या डोक्यात एक कल्पना शिरली. त्यांच्या डोक्यात शिरलेली गोष्ट बाहेर काढणं कुणाच्या बापाला जमत नसे. ते म्हणाले, "गावात नवी चाल बांधणारी मानसं हायती. पर चाल बांधून करतील काय? अठरा वाजवणारी मानसं कुठनं आणतील? आपुन देऊ की."

ठरलं ते असं. नोव्हेंबरात ऑर्केस्ट्राच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात एका नव्या संगीतकाराची रचना वाजवायची. शब्द नाहीत, नुसती वाद्यं. येतील त्यांचं मी ऐकायचं आणि तिघांना निवडायचं. त्या तिघांना एका रविवारी अख्ख्या ऑर्केस्ट्राबरोबर अर्धा-अर्धा तास रिहर्सलला मिळेल. कोल्हापुरात तालीम म्हटलं की लोकांना लाल माती आणि लंगोट आठवतो, म्हणून आम्ही रिहर्सलच म्हणायचो. अर्धा तास म्हणजे अर्धाच तास. आमची निम्मी माणसं सिनेमाच्या रेकॉर्डिंगलाही वाजवायची, त्यांच्या वेळेला मोल होतं. ज्याची चाल त्या अर्ध्या तासात उभी राहील, त्याची रंगमंचावर जाईल.

सत्तावीस जण आले. त्यात एक वकील होते, ते स्वतःच्याच चालीवर स्वतःच डोळे पुसत. गडहिंग्लजच्या नंदिनी पाटणे नावाच्या शिक्षिका मात्र खरंच चांगलं बांधत होत्या. शेवटच्या दिवशी दारात एक चाळिशीचा किडकिडीत माणूस येऊन उभा राहिला. अंगाला रॉकेलचा वास, काखेत उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी. आमचा चहाचा स्टोव्ह दोन दिवस भडकत होता आणि मी दुरुस्तीला निरोप धाडला होता. मी म्हटलं, "या, आतल्या खोलीत आहे. पिन मारून बघा."

तो आत गेला, स्टोव्ह उघडला, पिन मारली, वॉशर बदलला, पेटवून निळी ज्योत दाखवली. हात पुसले. मग म्हणाला, "मास्तर, ष्टो झाला. आता माजं ऐकता का?" आणि अभ्र्यातून क्लॅरिनेट काढलं.

चमन मणेर. मूळचा आजऱ्याचा. आई काजूच्या कारखान्यात काजू फोडायला जायची, चिकानं तिची बोटं काळी पडलेली असायची. चौदाव्या वर्षी मामानं त्याला कोल्हापुरात बँडमध्ये आणून सोडला. आधी झांजा, मग ढोल, मग क्लॅरिनेट. लग्नसराईत वाजवायचं आणि पावसाळ्यात स्टोव्ह दुरुस्त करत दारोदार फिरायचं, असा त्याचा संसार. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त घड्याळ बघत होतो. निदान दोन ओळींपर्यंत बघत होतो.

ती चाल कशी होती ते लिहून सांगता येत नाही, आणि येतं म्हणणारे खोटारडे असतात. संथ होती. प्रत्येक ओळ पुढं जाते आहे असं वाटायचं आणि शेवटी दोन पावलं मागं यायची. संपल्यावर मी विचारलं, "हे काय आहे?"

"वरात पोचती बगा," चमनभाई म्हणाला. "नवरी घरात जाती, मानसं जेवाय बसत्यात. मग आमी बँडवाली माघारी निघतो. त्या वाटंला कोण वाजवत न्हाय. त्या वाटंची चाल हाय ही."

"कुठं वाजवलीत कधी?"

"लग्नात कोण वाजवू देतंय? लोकं म्हंत्यात, सिनेमातलं वाजीव. घरात वाजीवतो, बिबीजान ऐकती. पर मास्तर, माज्या कानात ही एकट्याची न्हाय. हितं फिडलं हायती, हितं तुमची पेटी हाय. ती समदी कानात वाजत्यात, आनि भाईर एक क्लारनेट. मराच्या आदी एकदा समदी मिळून ऐकायची हाय. लई न्हाय, एकदा."

मी त्याचं नाव तिघांत लिहिलं. स्टोव्हचे पैसे विचारले तर तो म्हणाला, "पावना म्हनून आलतो, ऱ्हाऊ द्या की."

पुढचा महिनाभर त्यानं अठरा वाजवणाऱ्यांचे अठरा कागद लिहिले. चौथीपर्यंतचं शिक्षण, पण सा रे ग म मराठीत लिहायला तेवढं पुरतं. बायको बिबीजान हिला अक्षरओळख नव्हती, पण कागदावर रेघा मारण्यात तिचा हात माझ्यापेक्षा सरळ होता. हे मी चित्रकलेचा मास्तर म्हणून सांगतो. रिहर्सलच्या तीन दिवस आधी ते कागद माझ्या हातात आले. तपासून द्यायचं काम माझं होतं. वकीलसाहेब आणि नंदिनीबाई हे तिघांतले बाकीचे दोघं, त्यांचे मी ओळ न् ओळ तपासले होते. चमनभाईचे वरवर चाळले आणि बाजूला ठेवले. चाल आवडली होती, तरी बँडवाल्याच्या कागदात तपासण्यासारखं काय असणार, असं मनात आलं. आज लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

रविवार उजाडला. वकीलसाहेब पहिले, त्यांची चाल अर्ध्या तासात उभी राहिली नाही, ते स्वतः तेवढे उभे राहिले. नंदिनीबाईंची रचना छान वाजली. हंबीररावांनी मान डोलावली आणि मला वाटलं, झालं, निकाल लागला. मग चमनभाई पुढं आला. धुतलेला सदरा, इस्त्रीची घडी दिसत होती. बिबीजान मागच्या बाकावर डोक्यावरचा पदर नीट करून बसली. कागद वाटले. हंबीररावांनी हात उचलला.

पहिल्याच सुराला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. एका घरात दोन सासवा एकदम बोलायला लागाव्यात तसं झालं. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट एकीकडे, व्हायोलिन, सतार आणि मी दुसरीकडे. हंबीररावांनी थांबवलं, पुन्हा सुरू केलं. तेच. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा ढोलकीवाला हसला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "वरात आली रं." सगळे हसले. मी हसलो नाही, पण हसणाऱ्याला गप्पही केलं नाही.

चमनभाईचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, चालच खोटी. घरात एकटी बरी वाटत होती, माणसांत आणल्यावर तिचं खरं रूप कळलं. तो पुढच्या माणसाचा कागद हातात घेत म्हणाला, "चुकलं माजं. तुमचा टाईम खाल्ला." आणि एक-एक कागद गोळा करायला लागला.

माझ्यापर्यंत आला तेव्हा मी कागदाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. डोक्यावर पट्टी लिहिलेली नव्हती. पट्टी म्हणजे सा कुठून धरायचा ते. आमच्याकडे पट्टी लिहिलेली नसली तर सा म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी, पांढरी एक. फुंकायच्या वाद्यांचं मात्र तसं नसतं. बँडमधलं क्लॅरिनेट काय, ट्रम्पेट काय, ती घडतानाच अशी घडतात की त्यांचा सा वाजतो काळी पाचवर, म्हणजे एक सूर खाली. आमच्या ऑर्केस्ट्रात हंबीरराव त्या लोकांचे कागद एक सूर वर चढवून लिहीत, म्हणून ते समोर येईल ते डोळे झाकून वाजवत. चमनभाई पंचवीस वर्षं बँडमध्ये. तिथं सगळ्यांचा सा काळी पाच. दुसरा सा असतो हेच तिथं कुणाला सांगावं लागत नाही, मग लिहील कोण? आपल्या गावाचं नाव आपण घरच्या दारावर लिहीत नाही, तशातली गत. अर्धा ऑर्केस्ट्रा काळी पाचवर आणि अर्धा पांढरी एकवर. चालीचा काही दोष नव्हता. दोष बघायला नेमलेल्या माणसानं बघितलं नव्हतं.

मी उभा राहिलो. अकॉर्डियन गळ्यात असताना पटकन उभं राहता येत नाही, पण राहिलो. "हंबीरराव, चूक माझी आहे," म्हटलं, "कागद तपासले नाहीत." आणि पट्टीचं सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही.

हंबीररावांनी घड्याळ बघितलं. "अकरा मिन्टं ऱ्हायली," ते म्हणाले. "कागद नव्यानं लिवायचं म्हंजी दोन तास. पुढच्या वर्सी बघू, चमनभाई."

बोलणं रास्त होतं. नियम सगळ्यांना सारखा. चमनभाई हातातल्या गठ्ठ्याकडे बघत होता. मग त्यानं तो गठ्ठा जमिनीवर ठेवला.

"कागुद नको," तो म्हणाला. "बँडात कोण कागुद वाचतंय? मी एक वळ वाजीवतो, तुमी मागनं या. आमी समदी गानी अशीच शिकतो. काळी पाच धरा."

आणि परवानगीची वाट न बघता त्यानं क्लॅरिनेट तोंडाला लावलं. मघाशी माफी मागणारा माणूस तो हाच का, असा मला प्रश्न पडला. पहिली ओळ वाजवली आणि व्हायोलिनवाल्यांकडे बघून मान हलवली. सहाही व्हायोलिनं मागून आली, जरा चाचपडत. त्यानं मान नकारार्थी हलवली, पुन्हा वाजवली. या वेळी बरोबर आली. दुसरी ओळ ट्रम्पेटला दिली, तिसरी मला. मी काळी पाचवर बोटं ठेवली तर त्यानं डोळ्यांनीच सांगितलं, थांबा, इथं आधी दम खायचा, मग यायचं. सतारवाल्याला एवढ्यात तारा उतरवून लावणं शक्य नव्हतं, त्यानं मुकाट्यानं सतार खाली ठेवून मंजिरी उचलली. वराती गाजवून गाजवून कमावलेली सगळी युक्ती तो माणूस आमच्यावर वापरत होता. अडाणी म्हणावं अशा पद्धतीनं तो अठरा शिकलेल्या माणसांना शिकवत होता आणि आम्ही शिकत होतो.

अकरा मिनिटं संपली. हंबीररावांनी हातातलं घड्याळ काढलं आणि खिशात टाकलं. "आता सुरवातीपासनं," ते म्हणाले.

मग ती चाल वाजली. पहिल्यांदा सगळी मिळून. मी वाजवत होतो म्हणून मला धड ऐकूही आली नाही, पण अंगावर काटा आला तो खरा. मागच्या बाकावर बिबीजान पदरात तोंड घालून बसली होती. संपल्यावर ढोलकीवाला उठला आणि चमनभाईच्या पाया पडला. त्यालाही लाज होतीच.

कार्यक्रमाला चमनभाईचीच चाल ठरली. नंदिनीबाईंना हंबीररावांनी पुढच्या वर्षाचा शब्द दिला आणि तो पाळला. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी हंबीरराव म्हणाले, "चमनभाई, मेन क्लारनेट तुमीच वाजवा."

"न्हाय," चमनभाई म्हणाला. "मी वाजवायला लागलो तर ऐकनार कवा? मी खाली बसनार."

नोव्हेंबरातल्या त्या संध्याकाळी नाट्यगृह भरलं होतं. चमनभाई आणि बिबीजान सहाव्या रांगेत. निवेदकानं संगीतकाराचं नाव घेतलं तेव्हा लोकांनी जेमतेम टाळ्या दिल्या, कारण ते नाव कुणी ऐकलं नव्हतं. चाल संपल्यावर मात्र अशा टाळ्या पडल्या की थांबेनात. हंबीररावांनी सहाव्या रांगेकडे हात केला, चमनभाई उठला, चारी दिशांना सलाम केला आणि खाली बसला.

कार्यक्रम संपल्यावर तो विंगेत आला. मला वाटलं आता मिठी मारणार, रडणार, उपकार मानणार. मी तयारीतच होतो, हात पुढं केले.

चमनभाई माझ्यासमोर उभा राहिला. डोळे लाल होते, पण भुवया चढलेल्या.

"मास्तर," तो म्हणाला, "तिसऱ्या वळीला घाई केलासा तुमी. तितं दम खायचा, आनि मग यायचं. समदी मानसं थांबल्यात आनि तुमी एकटंच पुढं पळतायसा. माजी चाल हाय ती. पुढच्या बारीला असं चालायचं न्हाय."

इतक्या वर्षांत मला कुणी असं फाडकन बोललं नव्हतं, आणि इतकं खरं तर अजिबातच नाही. माझी ताठ मान मी खाली घातली.

"व्हय, चमनभाई," मी म्हटलं. "चुकलं."