नऊ नंबरची नळी

भुतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. भिण्यासाठी आमचे साहेब पुरेसे होते.

१९७८चा मे महिना, नागपूर. मी युरॉलॉजीचा रेसिडेन्ट. रेसिडेन्टनं भूक, झोप आणि मत यांपैकी काहीही बाळगू नये, ही साहेबांची अपेक्षा. शिवाय एक नियम — त्यांच्या पेशंटच्या लघवीच्या नळीला सिस्टरनं हात लावायचा नाही. ती रेसिडेन्टनंच धुवायची.

नऊ नंबरच्या बेडवर भिवापूरचे एक मिरचीवाले आजोबा होते. आदल्या दिवशी प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं, लघवीतून रक्ताच्या गाठी येत होत्या. दर अर्ध्या तासाला सलाइनची पिचकारी मारून नळी मोकळी केली नाही तर ती तुंबणार, आणि म्हातारा तडफडून जाणार... सकाळी दहाला साहेबांनी मला वरच्या मजल्यावर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, बोलावलं.

"सर, नऊ नंबरला गाठी—"

"तुम्हाला सर्जन व्हायचंय की नर्स?"

दीड वाजेपर्यंत मी त्यांच्यासमोर जखम उघडी धरणारा रिट्रॅक्टर ओढून उभा होतो. घड्याळाकडे मान वळवली की बोटांवर त्यांच्या चिमट्याचा फटका बसे. सुटलो तसा जिन्यानं धावत वॉर्डात आलो. बेडभोवती पडदे लावलेले दिसतील, अशीच मनाची तयारी केली होती.

आजोबा चहा पीत होते.

"काहून धावून राह्यले डॉक्टरसाहेब? आत्ताच तं गेले तुम्ही!"

नळी मोकळी. बाटलीत फिकट गुलाबी पाणी. चार्टवर दर अर्ध्या तासाची नोंद... अक्षर माझंच, कुणालाही न लागणारं.

दुपारच्या राउंडला साहेबांनी चार्ट पाहिला.

"तुम्ही माझ्यासमोर होता. म्हणजे या नोंदी खोट्या."

"अजी, खोट्या कशा?" आजोबा उठून बसले. "यानंच तं धुतली नळी. तुमच्यावानी खेकसला नाही, तेवढाच फरक."

खोट्या नोंदींबद्दल मला महिनाभर इमर्जन्सी ड्यूटी मिळाली. आजोबा आठवड्यानं आपल्या पायांनी घरी गेले.

माझा संशय वॉर्डातल्या सिस्टरवर होता. तिनंच नियम मोडला असणार आणि नोकरी वाचवायला माझं अक्षर गिरवून, आजोबांना पढवून माझं नाव पुढे केलं असणार. मीही तेच केलं असतं. काही वर्षांनी ती रिटायर झाली, तेव्हा मी बाजूला घेऊन तिचे आभार मानले.

"मी कशाला हात लावीन? तुम्हीच धूत होता, सलाइन मी आणून देत होते. मलाच एक सांगा डॉक्टर... त्या दिवशी ओटीत तुमच्याऐवजी कोण उभं होतं?"