काकूंचे कानातले आणि त्र्याहत्तर डब्या

आमच्या शेजारणीचं भिंगरी हे नाव मीच ठेवलंय. सासऱ्यांकडून सुनांना दागिने मिळतात, हिला लाकूड कातायचा लेथ मिळाला. मुलगा लाकडाला हात लावेना, म्हणून म्हाताऱ्याने सुनेला मशीनसमोर बसवलं आणि लाखकामाच्या लाकडी डब्या करायला शिकवलं. फिरत्या डबीवर ती लाखेची रंगीत कांडी टेकवते. उष्णतेने लाख वितळते, रंग चढतो. वर वाळकं पान घासून चकाकी आणली की रंगात तोंड दिसतं. माझंसुद्धा बरं दिसतं, म्हणजे बघा.

तिची खरी करामत झाकणात. दोन बोटांनी उचललं की बारीकसं 'फुस' करतं, सोडलं की आपसूक खाली बसतं. या फुसवर भाळून बाजारातल्या मोठ्या दुकानाच्या मालकीणबाईंनी एकशेवीस डब्या सांगितल्या. ऑर्डर नीट गेली, तर त्या दुकानात भिंगरीच्या मालाला स्वतंत्र कपाट मिळणार होतं. फसली, तर पाहुण्यांना भेटी देण्यातच तिचा लेथ झिजणार होता.

वायद्याला चार दिवस उरले असताना मी तिच्याकडे जाऊन बसले.

"भिंगरे, तुझी डबी उघडत नाही गं."

"कुठली डबी? मी कधी दिली तुम्हाला?"

"दिली नाहीस. आठवड्यापूर्वी मीच उचलली. एकशेवीसमधली एक, तुला काय कळणार होतं? कानातले ठेवले आणि डबी खिडकीत ठेवली, उन्हात. आता झाकण हलेना."

तिने डबी माझ्या हातातून ओढून घेतली. डबी कानाशी नेऊन हलवली, झाकण पिरगाळून पाहिलं आणि थेट मागच्या शेडमध्ये गेली. तिथे तिचे यजमान उभे. बसचे कंडक्टर, माणूस सरळ, फक्त आवरायचा रोग आहे.

"अहो, हे ठोकळे तुम्ही लावलेत?"

"महिना झाला की. उंचीप्रमाणे. किती पसारा होता इथे."

"डावीकडे सुकलेले होते आणि उजवीकडे ओले."

"मग आता उंच आणि बुटके आहेत," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज आपोआप बारीक झाला.

ओल्या लाकडाची डबी केली की सुकताना ती आक्रसते, गोल राहत नाही, झाकण आवळून धरते. म्हणून भिंगरी प्रत्येक ठोकळा वाजवून घेते. या वेळी तिने घाईत डावीकडच्या रांगेवर विश्वास ठेवला होता. मला वाटलं, आता रडेल. तिने पदर खोचला.

"काकू, चोरी केलीत ना? आता गच्चीवर चला."

तीन दिवस सगळ्या डब्या उन्हात मांडल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक झाकण उघडायचं, अडकलं की डबी बाजूला. कंडक्टरसाहेबांनी रजा टाकली. त्यांना फक्त डब्या मोजायचं काम दिलं, लावायचं नाही. शेवटी त्र्याहत्तर डब्या टिकल्या.

दुकानात पिशव्या धरायला मी गेले. मालकीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"एकशेवीस ठरल्या होत्या."

"त्र्याहत्तर आणल्यात. बाकीच्या उघडत नाहीत. त्यातली एक दाखवायला आणलीय, बघा."

बाईंनी नख लावलं, जोर लावला, मग डबी हलवली. "आत काय वाजतंय?"

"काकूंचे कानातले. डबी चोरीची आहे."

मी छताकडे पाहिलं. छत चांगलं होतं.

"उरलेल्या कधी देणार?"

"तीन महिन्यांनी. लाकूड सुकल्यावर."

"मी दुसरीकडून घेतल्या तर?"

"घ्या. फक्त आधी चार दिवस उन्हात ठेवा आणि मग उघडून बघा."

बाईंनी त्र्याहत्तरातली एक उचलली. फुस. दुसरी. फुस. चौथ्या डबीनंतर त्यांनी पोऱ्याला न सांगता स्वतःच उठून दाराजवळचं कपाट रिकामं करायला घेतलं. "उरलेल्या तीन महिन्यांनी," त्या म्हणाल्या, "पण एकही कमी नको."

उरलेल्या सत्तेचाळीस तीन महिन्यांनी वेळेवर गेल्या. कपाट आता भरलेलं असतं, आणि शेडमधल्या ओल्या ठोकळ्यांवर लाल रंगाचा पट्टा असतो. तो कंडक्टरसाहेबच ओढतात, पट्टीने, अगदी सरळ.

माझी डबी मात्र लेथच्या वरच्या फळीवर आहे. कोणी गिऱ्हाईक घाई करायला लागलं की भिंगरी ती त्याच्या हातात देते आणि म्हणते, "उघडा." मी कापून दे म्हटलं की म्हणते, "काकू, ती आता धंद्याची आहे."

लग्नकार्यांना मी मोकळ्या कानांनी जाते. विचारलं कोणी, तर सांगते, धंद्यात गुंतवलेत.