रायफल, पूजा आणि एक नारळ

माझ्या रायफलीने आजवर एकच शत्रू मारला आहे, आणि त्याची आम्ही चटणी केली. म्हणजे खरोखरच केली. कोथिंबीर, मिरच्या आणि चवीपुरती साखर घालून.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही मिशिगनमध्ये ट्रॉयला राहत होतो. मी मोटारींचे गिअर डिझाइन करायचो, बायको उषा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करायची आणि आमची मुलगी गौरी आमच्या प्रत्येक मराठी वाक्याला 'व्हॉटेव्हर' असं उत्तर द्यायची. अशा सुखी घरात मी एक दिवस थ्री-नॉट-थ्री रायफल घेऊन आलो.

त्यामागे जुनं दुखणं होतं. कॉलेजात मी एन.सी.सी.त होतो. पण माझा चष्मा पाहून हवालदारसाहेबांनी पहिल्याच दिवशी हातात फडकं दिलं. "आप पोंछो, साब." दुसरे झाडायचे, मी पुसायचो! दोन वर्षं मी त्या रायफली इतक्या चकचकीत ठेवल्या की माझ्याइतकी पुसलेली रायफल फौजेतही कुणी पाहिली नसेल. झाडली मात्र एकदाही नाही. आणि इथे शेजारच्या वॉल्टरच्या गॅरेजमध्ये जुन्या सैनिकी रायफली भिंतीवर रांगेत टांगलेल्या! त्यातच एक थेट आमच्या एन.सी.सी.तली. पितळी पट्टीवर भारतातल्या कारखान्याचा शिक्का. मला भरूनच आलं. तशीच दुसरी एक त्याने मिळवून देईपर्यंत मी वॉल्टरला सोडलं नाही.

उषाच्या अटी सोप्या होत्या. "घरात एकही गोळी आणायची नाही. आणि ते धूड गॅरेजमधून घरात येणार नाही."

"अगं, इतिहास आहे तो!"

"इतिहासाला ग्रीसचा वास येतोय."

येत होताच. कोठारात पडून राहिलेल्या या रायफली गंजू नयेत म्हणून घट्ट ग्रीसमध्ये लडबडवून ठेवतात. ते काढता काढता माझा अख्खा उन्हाळा गेला. जुने टूथब्रश, जुने बनियन (उषाच्या मते नवे बनियनसुद्धा), चिंध्या. गॅरेजची फरशी इतकी बुळबुळीत झाली की पोस्टमन एकदा न ठरवता आत आला.

पण माझा निश्चय पक्का होता. कारण वॉल्टरचा एक क्लब होता. जुन्या रायफली जमवणाऱ्या म्हाताऱ्यांचा. तिथे नव्या माणसाने वार्षिक प्रदर्शनात आपली रायफल टेबलावर मांडायची, सगळ्यांनी ती न्याहाळायची आणि मग सभासद करून घ्यायचं की नाही ते ठरवायचं. नियम एकच. रायफल कारखान्यातून निघाली तशीच हवी. लाकूड घासलेलं नको, नवं पॉलिश नको, काही म्हणजे काही बदललेलं नको. झुबकेदार मिशांचे सेक्रेटरी मला म्हणाले होते, "नवे लोक उत्साहाच्या भरात रायफलीची वाट लावतात." मी मनात म्हटलं, मिशीवाल्या, तू अजून मला पुसताना पाहिलं नाहीस!

प्रदर्शन होतं रविवारी सकाळी. नऊच्या आत टेबल मांडायचं, नंतर दार बंद. आणि आदल्या दिवशी, शनिवारी, आमच्या घरी मराठी मंडळाचा दसरा. (खरा दसरा बुधवारीच झाला होता. पण अमेरिकेत सगळे देव शनिवारीच येतात, पार्किंग सोपं पडतं.)

आमच्याकडे शस्त्रपूजेला दरवर्षी स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, कुणाचा स्टेथस्कोप, कुणाचा कॅल्क्युलेटर अशी शस्त्रं मांडली जायची. पूजा सांगायचे दामले काका. काका ट्रॉयमधले पहिले मराठी माणूस. ते आणि त्यांची पूजेची कॅसेट ही मंडळाची मालमत्ता होती. पाटावरचा स्टेथस्कोप बघून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"श्रीकांत, घरात खरं शस्त्र असताना हे काय मांडलंयस?"

"काका, ती उद्या प्रदर्शनाला जायचीय. तिला डाग पडला तर संपलंच."

"देवाच्या हळदीकुंकवाला डाग म्हणतोस?"

बेसमेंटमधलं सगळं मंडळ माझ्याकडे बघायला लागलं. खरं सांगतो, मला ते आवडलंही. उन्हाळाभर ज्या रायफलीला बायकोने घरात घेतलं नाही, तिला आज पाटाशेजारी जागा मिळत होती! पण मी काही कच्चा खेळाडू नव्हतो. स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा रोल आणला आणि रायफल टोकापासून दस्त्यापर्यंत गुंडाळून टाकली.

"अय्या, पोळ्या गुंडाळतात तशी!" कुणीतरी काकू म्हणाल्या.

म्हणेनात का! कॅसेट सुरू झाली. हळद पडली, कुंकू पडलं, अक्षता पडल्या, फुलं पडली. काकांनी पंचामृतसुद्धा शिंपडलं. प्लास्टिकच्या आत माझी रायफल कोरडी ठणठणीत! मी गालातल्या गालात हसत आरती म्हटली. आरती संपली आणि काका म्हणाले, "झालं. आता उद्या उत्तरपूजा होईपर्यंत यातल्या कशालाही हात लावायचा नाही."

माझं हसू गेलं. हा नियम मला लहानपणापासून माहीत होता. पूजेत मांडलेलं हत्यार उत्तरपूजेपर्यंत वापरायचं नाही, हलवायचं नाही. लहानपणी याच नियमाखाली मी दप्तर पूजेत ठेवून अभ्यास चुकवायचो. आज नियमाने डाव उलटवला.

"काका, मला सकाळी नऊच्या आत पोचायचंय!"

"मग मी सकाळी लवकर येतो. त्यात काय एवढं?"

काका आले. आठ वाजून गेले होते, पण आले. डोक्याला कानटोपी. कॅसेट रात्री आमच्याच टेपरेकॉर्डरमध्ये राहिली होती. दुसऱ्या बाजूला उत्तरपूजा होती. बटण दाबलं, तर धडाधडा ड्रम वाजायला लागले.

"गौरी!" उषा जिन्याकडे तोंड करून ओरडली. "काकांच्या कॅसेटवर गाणी टेप केलीस?"

"आय थॉट इट वॉज ब्लँक, मॉम! वन साइड वॉज जस्ट अ गाय टॉकिंग!"

तो 'गाय' म्हणजे गुरुजी. काकांनी कॅसेट बंद केली, डोळे मिटले आणि आठवेल तशी पूजा सांगायला सुरुवात केली. मध्येच आठवेना की पुन्हा पहिल्यापासून! बाहेर मला प्रदर्शनाला न्यायला आलेल्या वॉल्टरच्या ट्रकचा हॉर्न वाजला. शेवटी काकांनी डोळे उघडले. "आता नारळ फोड, म्हणजे झालं."

मी हातोडीकडे झेपावलो.

"हात लावू नकोस! नारळ फुटल्याशिवाय उत्तरपूजा पुरी होत नाही."

"पण हातोडीशिवाय नारळ कसा फोडू?"

"आणि उत्तरपूजा पुरी झाल्याशिवाय हातोडी उचलता येत नाही," काका शांतपणे म्हणाले.

मी इंजिनिअर आहे. अशा यंत्राला आम्ही बंद पडलेलं यंत्र म्हणतो! घरभर गालिचा. गॅरेजची फरशी माझ्याच ग्रीसने माखलेली, तिथे प्रसाद पाडायला उषाने सक्त मनाई केली. मी नारळ घेऊन ड्राइव्हवेवर धावलो आणि जोरात आपटला. डांबरावरून तो टुणकन उडाला आणि उतारावरून गडगडत थेट वॉल्टरच्या ट्रकपाशी गेला. वॉल्टरने उचलला, हलवून पाहिला, कानाला लावला.

"श्री, एव्हरीथिंग ओके?"

"टू मिनिट्स, वॉल्टर!"

तो बिचारा नारळ घेऊन माझ्या मागोमाग बेसमेंटमध्ये आला. बूट काढून आला, हे त्याचं मोठेपण. मी नारळ त्याच्या हातातून घेतला आणि पाटावर ठेवला. घड्याळात पाहिलं. पुन्हा नारळाकडे पाहिलं. उन्हाळाभराचे टूथब्रश आठवले, एन.सी.सी.तलं फडकं आठवलं, सेक्रेटरीच्या मिशा आठवल्या. आज मला कोणी अडवू शकत नव्हतं. समोर जे काही जड होतं, ते मी दोन्ही हातांनी उचललं आणि दात-ओठ खाऊन नारळावर हाणलं.

नारळाची बरोबर दोन शकलं झाली. आवाज मात्र दोन आले होते.

मी हातातल्या वस्तूकडे पाहिलं. हातात रायफल होती. दस्त्यावरचं प्लास्टिक फाटलं होतं आणि लाकडाला वीतभर चीर गेली होती. ज्या रायफलीला मी कुंकवाचा कण लागू दिला नव्हता, ती मी स्वतःच फोडली होती!

"शुभशकुन!" काका म्हणाले. "शस्त्र कामी आलं."

उषाने तोंडावर पदर धरला होता. ती हसत होती की रडत होती, ते मी विचारलं नाही. वॉल्टरने वाकून चीर पाहिली. मग हळूच म्हणाला, "श्री, आय हॅड अ हॅमर इन द ट्रक."

मला तिथेच गालिच्यावर बसून रडावंसं वाटलं. पण वॉल्टरने माझा दंड धरला. "वुई आर गोइंग," तो म्हणाला. नऊला दार बंद व्हायच्या आत आम्ही टेबल मांडलं. मी चीर भिंतीकडे केली. सेक्रेटरींनी रायफल सरळ उलटी केली, चिरेवरून बोट फिरवलं, आत अडकलेला एक पांढरा तुकडा नखाने काढला आणि हुंगला.

"कोकोनट?"

म्हटलं, आता लपवायचं काय! मी सगळं सांगितलं. दसरा, कॅसेट, हातोडी, गुरुजींवर पडलेले ड्रम. सगळे म्हातारे टेबलाभोवती जमले. कुणी हसेना. एक जण म्हणाला, नियम म्हणजे नियम, रायफलीत बदल झालाय. तेवढ्यात वॉल्टर पुढे झाला.

"बदल कुठला? लढाईत झालेली जखम आपण बदल धरत नाही. या टेबलांवर निम्म्या रायफलींना तसल्या जखमा आहेत. आता मला सांगा, या खोलीत असा कोण आहे ज्याची रायफल आज सकाळी कामगिरीवर होती?"

मग मात्र जो हशा उसळला! सेक्रेटरींच्या मिशा हलायला लागल्या. चर्चा बरीच झाली, पण शेवटी चिरेची नोंद 'लढाईतली जखम' अशीच झाली, आणि मला सभासद करून घेतलं.

मी घरी आलो तो छाती पुढे काढून. "उषा, क्लबने मान्य केलं! ती लढाईतली जखम आहे!"

"हो का?" उषा म्हणाली. "मग शूरवीर, शत्रू स्वयंपाकघरात पडलाय. काका जेवायला थांबलेत, चटणी करायचीय. तेवढा खवून द्या."

मी मुकाट्याने विळी घेऊन बसलो. एन.सी.सी.त हवालदारांनी हातात फडकं दिलं होतं, अमेरिकेत बायकोने खवणी दिली. झाडायचं तेवढं अजून राहूनच गेलंय!